पहिला आला म्हणजे हुशार?

तर झालं असं की, एका मंगळवारी भर दुपारी बाबांचा फोन आला. आता यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या सांगलीच्या घरी दीड ते साडेतीन ही वेळ म्हणजे कर्फ्यू. कुकरनेसुद्धा शिट्टी मारायची नाही. त्यामुळे स्क्रीनवर दोन वाजता 'बाबा' दिसलं आणि माझ्या पोटात गोळाच आला.

"अगं, कामात आहेस का?"

"नाही बाबा, बोला ना."

"नाही, विशेष काही नाही. ते बँकेचं जरा..."

बाबांचं 'जरा' म्हणजे किती, हे मला माहीत आहे. डेबिट कार्ड एटीएममध्ये अडकलं होतं. कस्टमर केअरला फोन करायचा म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला, बँकेचं नाव टाईप केलं, पुढे 'कस्टमर केअर नंबर' लिहिलं आणि एंटर मारला. सगळ्यात वर एक लिंक आली. त्यात नंबर होता. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की बाबांनी त्याला "कुठल्या गावचे तुम्ही?" असंही विचारलं. त्याने फोनवर एक ॲप डाऊनलोड करायला लावलं आणि पंधरा मिनिटांत खात्यातून साडेअठरा हजार रुपये गेले.

मी आधी १९३० लावायला सांगितलं. सायबर फसवणुकीची ती राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, लेख वाचता वाचताच फोनमध्ये सेव्ह करून टाका. तक्रार जितकी लवकर जाईल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. बाबांनी तासाभरात तक्रार केली आणि त्यातले सात हजार अडले. बाकीच्यांची वाट बघणं चालू आहे.

पण मला लागलं ते बाबांचं एक वाक्य. फोन ठेवताना ते म्हणाले, "पण तो पहिला होता गं. यादीत सगळ्यात वर."

आमचे बाबा चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते. नोटीस बोर्डावर निकालाची यादी त्यांच्याच अक्षरात लागायची. आता मला सांगा, या माणसाला 'यादीत पहिला' म्हणजे काय वाटणार? पहिला आला म्हणजे अभ्यास केला असणार! पैसे भरून पहिलं येता येतं, हे त्यांच्या हिशोबातच बसत नाही.

आणि मी? मी पुण्यात बसून गेली सहा वर्षं स्वतःचा ब्राउझर नटवतेय. नवरीसारखा. फ्रीलान्सरचं कसं असतं बघा, लेखाचे पैसे शब्दांवर मिळतात, शोधण्याचे मिळत नाहीत. त्यामुळे सर्चमध्ये वाचलेली प्रत्येक मिनिट ही माझी बचत. बाबांच्या लॅपटॉपवर मात्र मी दिवाळीला जाऊन काय केलं होतं? वॉलपेपरवर गणपती लावून आले होते.

तेव्हा या वेळचा कॉलम थोडा प्रायश्चित्ताचा आहे. आधी माझा ब्राउझर दाखवते, मग बाबांचा.

सुरुवात एकदम सोप्या फंड्याने. सर्चच्या पानावर लिंकवर क्लिक करायचं, वाचायचं, मग 'बॅक' मारून परत यायचं, ही सवय आजपासून बंद. कंट्रोल दाबून क्लिक करा, किंवा माऊसचं मधलं चाक दाबा. लिंक मागच्या मागे नव्या टॅबमध्ये उघडते आणि तुमची यादी जागची हलत नाही. पाच-सहा लिंका अशा उघडायच्या आणि मग निवांत एकेक वाचायची. ही ट्रिक मला माझ्या मावसभावाने सायबर कॅफेत शिकवली होती, तेव्हा मी शाळेत होते. नेट इतकं रडायचं की दादा दहा टॅब उघडून चहा प्यायला जायचा आणि परत येईपर्यंत पानं 'उतरलेली' असायची. त्याचा फायरफॉक्सवर फार जीव. फायरफॉक्स १.० आलं नोव्हेंबर २००४ मध्ये, आणि माझ्यासारख्या कित्येकांना टॅब ही चीज त्यामुळेच भेटली. क्रोम तर सप्टेंबर २००८ मध्ये आलं. आज सगळ्यांकडेच टॅब आहेत, पण ऑफिसात बघा शेजारच्या क्युबिकलमध्ये, निम्मी जनता अजून 'बॅक' मारतेय!

आता माझा लाडका प्रकार. शॉर्टकट.

समजा तुम्हाला एक शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघायचाय. १८५७ ची आवृत्ती, पण अजूनही तिच्याइतकं मजेदार वाचन दुसरं नाही, आणि ती शिकागो विद्यापीठाच्या साईटवर अख्खी शोधता येते. एरवी तुम्ही काय कराल? सर्च इंजिन उघडाल, 'मोल्सवर्थ' लिहाल, लिंक शोधाल, तिथली पेटी शोधाल, मग शब्द. मी ॲड्रेस बारमध्ये 'एम' लिहिते, स्पेस देते, शब्द लिहिते, एंटर. संपला विषय. विकिपीडियासाठी 'डब्ल्यू'. नकाशासाठी 'एन', का ते विचारू नका, 'एम' आधीच गेलेलं होतं.

हे जमवायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. त्या साईटवर एकदा काहीतरी शोधायचं, म्हणजे निकालाच्या पानाचा पत्ता वर दिसतो. त्या पत्त्यात तुम्ही शोधलेला शब्द कुठेतरी बसलेला असतो. तो काढायचा आणि त्याजागी टक्क्याचं चिन्ह व त्याला चिकटून इंग्रजीतला छोटा 'एस' टाकायचा. क्रोममध्ये सेटिंग्जच्या 'सर्च इंजिन' भागात साईट सर्च मॅनेज करायची सोय आहे, तिथे नाव, शॉर्टकट आणि हा पत्ता भरायचा. फायरफॉक्समध्ये हाच पत्ता बुकमार्क करायचा आणि बुकमार्कच्या 'कीवर्ड'च्या रकान्यात अक्षर लिहायचं. पाच मिनिटं लागतात. माझ्याकडे असे एकोणीस शॉर्टकट आहेत आणि त्यातले बारा मी विसरलेय, पण ते जाऊ द्या.

जाता जाता, ज्यांचे चाळीस टॅब उघडे असतात त्यांच्यासाठी (मला माहितेय तुम्ही कोण आहात): क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये 'ॲट'चं चिन्ह आणि 'टॅब्स' हा इंग्रजी शब्द लिहून टॅब दाबा. उघड्या टॅबमध्येच शोधता येतं. फायरफॉक्समध्ये नुसतं टक्क्याचं चिन्ह आणि स्पेस पुरते.

याच शॉर्टकटच्या युक्तीने मी माझं मुख्य सर्चसुद्धा बदललंय. मे २०२४ मध्ये गुगलने अमेरिकेत निकालाच्या वर एआयने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली, मग तो आपल्याकडेही आला. त्याच महिन्यात त्यांनी 'वेब' नावाचा एक फिल्टरही आणला. त्यात सारांश नाही, व्हिडिओच्या पट्ट्या नाहीत, 'लोक हेही विचारतात' नाही. साध्या लिंका, एकाखाली एक. पण तो फिल्टर इतर फिल्टरांच्या गर्दीत दडलेला असतो, कधी 'मोअर'च्या आतही. त्याची मेख पत्त्यात आहे. पत्त्याच्या शेवटी 'अँड'चं चिन्ह, मग इंग्रजी छोट्या लिपीत यू-डी-एम, बरोबरचं चिन्ह आणि १४. हा पत्ता शॉर्टकट म्हणून सेव्ह करून डिफॉल्ट करून टाका, बास. मी केला त्या दिवशी हुश्श झालं. घरातला पाहुण्यांचा लोंढा गेल्यावर सोफा दिसतो ना, तसं.

सारांशावर माझा राग आहे का? नाही. चटकन काही बघायला मीही वाचते. पण मला लेखात ज्या ओळीसाठी उत्तर द्यावं लागतं, ती मूळ पानावरच वाचलेली असावी लागते. एकदा एका लेखात एका संस्थेच्या स्थापनेचं वर्ष मी वरच्या चौकटीतून उचललं होतं. चूक निघालं. संपादक मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त "ठीक आहे" म्हणाल्या. पुढचे दोन महिने त्यांचा फोन आला नाही. फ्रीलान्सरला ओरडणं परवडतं हो, "ठीक आहे" परवडत नाही.

अर्थात अशा जुगाडांचा भरवसा किती, हेही सांगायला हवं. पूर्वी पत्त्यात एक छोटी भर घातली की एका पानावर शंभर निकाल यायचे. माझा वर्षानुवर्षांचा आधार होता तो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो बंद पडला आणि मी परत दहा-दहाच्या पानांवर आले. निकालाशेजारची 'कॅश्ड' प्रत २०२४ च्या सुरुवातीला गेली. आज सांगितलेलं उद्या चालेलच असं नाही. घर भाड्याचं आहे, खिळे ठोकायचे पण बेताने.

आता आपला, म्हणजे अगदी आपला प्रॉब्लेम. मराठीत सर्च केलं की हिंदी पानं येतात. येतात की नाही? लिपी एकच. तुम्ही 'योजना' लिहिलंत की हिंदीचा पूर लोटतो. मी यावर एक गावठी इलाज काढलाय. शोधायच्या शब्दांबरोबर 'आणि' किंवा 'आहे' टाकायचं, आणि शेवटी वजाचं चिन्ह लावून त्याला चिकटून 'है' लिहायचं. म्हणजे ज्या पानावर 'है' आहे ते नको. शंभर टक्के नाही, पण चाळणी बरीच लागते. शिवाय शब्दच मराठी निवडा. 'शिष्यवृत्ती' लिहिलंत तर हिंदीवाला तिथे फिरकतच नाही, त्याच्याकडे 'छात्रवृत्ति' असते. 'विमा' आणि 'बीमा'चंही तसंच.

सरकारी जीआर शोधणाऱ्यांसाठी: 'साइट', मग विसर्गासारखे दोन टिंब, मग राज्य सरकारचा वेब-पत्ता, हे सगळं इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता. म्हणजे फक्त सरकारी साईटवरचंच येतं. 'फाईलटाईप' आणि 'पीडीएफ' जोडलंत तर फक्त कागदपत्रं. 'बिफोर' लावून वर्ष दिलंत तर त्याआधीचीच पानं. ही तारखेची सोय २०१९ पासून आहे आणि जुनी भानगड उकरायला सॉलिड उपयोगी पडते. तरीही काही जीआर सापडत नाहीत, कारण ते स्कॅन करून चढवलेले असतात किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाईप केलेले. माणसाला ते मराठी दिसतं, मशीनला ती अक्षरांची भेळ. त्यावर ब्राउझर काही करू शकत नाही. तिथे फोन उचलावा लागतो किंवा मंत्रालयाचा पास काढावा लागतो.

चला, सांगलीला.

शुक्रवारी रात्री पोहोचले. बाबा नेहमीसारखे स्टँडवर आले नव्हते. आई दार उघडताना हळूच म्हणाली, "पैशांचं काही बोलू नकोस गं. चार दिवस पेपरसुद्धा नीट वाचत नाहीयेत." मी बोलले नाही. सकाळी चहा घेऊन त्यांच्या लॅपटॉपसमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, तुमची यादी तपासू या."

आधी त्यांना दाखवलं की वरच्या लिंकांवर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं. बाबांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "हे? हे एवढंसं?" हो, हेच एवढंसं. आणि हे काही कायम एवढंसं नव्हतं. एकेकाळी जाहिरातींच्या मागे फिकट रंगाची अख्खी पट्टी असायची, यादीपासून वेगळी कळायची. ती पट्टी जाऊन २०१३ च्या सुमारास नुसतं पिवळं लेबल आलं. २०१६ मध्ये लेबल हिरवं झालं, म्हणजे खालच्या वेब-पत्त्याच्याच रंगाचं. २०२० मध्ये डेस्कटॉपवर ते काळं झालं, इतर निकालांच्या शेजारच्या चिन्हांसारखंच दिसायला लागलं, आणि तेव्हा लोकांनी बराच आरडाओरडाही केला. 'स्पॉन्सर्ड' हा शब्द २०२२ पासूनचा. जाहिरात हा त्यांचा धंदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सत्तरीच्या चष्म्याला पट्टी दिसत होती, अक्षरं दिसत नाहीत.

मग मी ठरवलं, पट्टी परत आणायची.

'स्टायलस' नावाचं एक एक्स्टेन्शन आहे. कुठल्याही साईटचे रंग-रूप तुमच्यापुरते बदलायला ते वापरतात. मी त्यात दोन ओळींचा नियम लिहिला: निकालाच्या वरचा जाहिरातींचा जो डबा असतो, त्याच्या मागे लाल रंग. इथे एक गोष्ट नीट वाचा. नाव 'स्टायलस' आहे, 'स्टायलिश' नाही. 'स्टायलिश' हे त्याच्या आधीचं, एकेकाळी फार लोकप्रिय. २०१८ मध्ये उघडकीला आलं की ते वापरणाऱ्यांनी कुठल्या कुठल्या साईट पाहिल्या याची नोंद ते बाहेर पाठवत होतं, आणि त्याला क्रोम-फायरफॉक्सच्या दुकानांतून काढावं लागलं. 'द ग्रेट सस्पेंडर' म्हणून टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन होतं, ते २०२० मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्याला मालवेअर म्हणून बंद केलं. एक्स्टेन्शन तुमची सगळी पानं वाचू शकतं, बँकेचंसुद्धा. त्यामुळे मोजकी ठेवा. माझ्याकडे चार आहेत, बाबांकडे दोनच बसवली.

लाल पट्टी आली. बाबा बघत राहिले.

"म्हणजे लाल शाई," ते म्हणाले.

"हो. लाल शाईत आहे त्याला हात लावायचा नाही."

"अगं, लाल शाईने मी चुका दाखवायचो."

"तेच ना बाबा!"

चार दिवसांत पहिल्यांदा हसले. मग त्यांनीच माझी परीक्षा घेतली. पाच वेगवेगळ्या बँकांची नावं टाकली, पंख्याच्या दुरुस्तीवाल्याचं टाकलं, गॅसवाल्याचं टाकलं. कुठे लाल पट्टी आली, कुठे नाही. एका ठिकाणी लाल काहीच नव्हतं, पण चौथ्या लिंकवर कुणीतरी कस्टमर केअरचा म्हणून साधा मोबाईल नंबर टाकला होता. "याला का नाही लाल?" बाबांनी विचारलं. मी जरा गडबडले. कारण तो जाहिरात नाही. खोटा आहे, पण फुकटचा खोटा आहे. माझा नियम फक्त विकत घेतलेली जागा ओळखतो.

त्यासाठी दुसरं एक्स्टेन्शन टाकलं, 'यूब्लॅकलिस्ट'. निकालात नको असलेली साईट दिसली की तिथल्या तिथे ब्लॉक करायची, परत दिसत नाही. मी पुण्यात ते रेसिपीच्या आधी लेखिकेचं बालपण सांगणाऱ्या साईटवर वापरते. बाबांनी मात्र पहिल्या तासात तेवीस साईट ब्लॉक केल्या. वर्गाबाहेर काढण्याचा आनंद माणूस रिटायर झाला तरी जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

याशिवाय फायरफॉक्सच्या फाँटच्या सेटिंगमध्ये देवनागरीसाठी वेगळा कमीत कमी आकार ठरवता येतो, तो वाढवून दिला. इंग्रजी आहे तेवढंच, मराठी टपोरं. आईला हेच सगळ्यात आवडलं. फोनवरही फायरफॉक्स आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' घातलं, तिथे लाल पट्टीच्या भानगडीत न पडता जाहिराती सरळ बंद. आणि हो, बँकेचा खरा नंबर पासबुकावरून मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. हा कस्टमायझेशनचा सगळ्यात टिकाऊ प्रकार आहे, बॅटरी लागत नाही.

रविवारी संध्याकाळी निघताना बाबा स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटायच्या आधी खिडकीपाशी येऊन म्हणाले, "एक विचारू का? चुकीच्याला लाल झालं. बरोबर असेल त्याला हिरवं करता येतं का? मी बरोबरवाल्याला नेहमी शेरा द्यायचो."

करता येतं! यूब्लॅकलिस्टमध्ये साईट नुसती लपवता नाही, ठळकही करता येते, हव्या त्या रंगात. मला आधी कसं सुचलं नाही? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं की वेब-पत्ता 'डॉट बँक डॉट इन'वर न्या, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ची होती. हे शेपूट रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या बँकांनाच मिळतं, कुणालाही विकत घेता येत नाही. म्हणजे ज्या पत्त्याचा शेवट असा आहे तो हिरवा, एका नियमात. कराडच्या आधीच फोनवरून तो नियम बाबांना लिहून पाठवला, आणि त्यांनी तो एकेक अक्षर तपासून टाईप केला. पहिल्यांदा एक टिंब राहिलं होतं. ते त्यांनाच सापडलं.

सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. वहीचं पान, चौतीस वर्षं नोटीस बोर्डावर असायचं ते अक्षर. वर शीर्षक: 'हिरव्या शाईसाठी पात्र'. खाली अकरा साईट. मराठी विश्वकोश, हवामान खातं, रेल्वे... आठव्या नंबरवर या साप्ताहिकाचं नाव होतं आणि पुढे कंसात बारीक अक्षरात 'तपासून'.